तिसरा बदली पिचर

बर्नीने दाराला कुलूप लावलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली, खिशावर दोनदा थोपटलं आणि म्हणाला, "चला मंडळी, मिठाच्या खोलीत स्वागत आहे."

खोली मिठाची नव्हती. आमच्या गावच्या अग्निशमन केंद्राच्या मागची साधी बैठकीची खोली होती. पण नाव जुनं आहे. बॅरो मिल्स टॅनर्स हा गावच्या कातडी कमावायच्या कारखान्याचा बेसबॉलचा संघ हयात होता, तेव्हा म्हातारा मॅनेजर शोफ दर वसंतात आपल्या चार माणसांना घेऊन त्या कारखान्यातल्या मिठाच्या खोलीत कोंडून घ्यायचा. पंचवीस खेळाडूंची यादी पक्की होऊन खाली सगळ्यांच्या सह्या पडेपर्यंत दार उघडायचं नाही. आत खारवलेल्या कातड्यांच्या चळती आणि त्यांचा वास. तासाभरात भल्याभल्यांचे मतभेद मिटायचे. पुढे संघ बुडाला, कारखाना बुडाला, शोफही गेला. आता त्या बुडालेल्या संघाच्या सगळ्या इतिहासातून एकच यादी करायला आम्ही चौघं बसलो होतो, आणि कोंडून घ्यायची चाल तेवढी बर्नीने जपली होती.

सेहेचाळीस वर्षांतल्या तीनशे अकरा खेळाडूंमधून पंचवीस निवडायचे होते. जुन्या मैदानावर आता किराणा मालाचं मोठं दुकान आहे. त्याच्या भिंतीवर या नावांचा पितळी फलक लागणार होता. कोरणाऱ्याला यादी त्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत हवी होती. चार शनिवार घसा कोरडा करून आम्ही चोवीस नावं ठरवली होती. उरलं होतं एक, तिसऱ्या बदली पिचरचं.

बर्नी हॉलिक आमचा अध्यक्ष. वय ऐंशी, टॅनर्सचा शेवटचा कॅचर, म्हणजे फलंदाजाजवळच्या प्लेटमागे बसून पिचरचे चेंडू झेलणारा. यादीत त्याचं नाव पहिल्याच शनिवारी एकमताने आलं होतं. तो माझा मेहुणा. माझी बायको डोलोरेस त्याची धाकटी बहीण, तिला जाऊन तीन वर्षं झाली. माझी नजर अधू झाल्यापासून मला डॉक्टरकडे, दुकानात, चर्चमध्ये बर्नीच घेऊन जातो, आणि रविवारचं जेवण त्याच्याकडेच असतं. माझं म्हणावं असं या जगात आता तेवढं एकच माणूस उरलंय. तेच माणूस किल्ली खिशात घालून माझ्यासमोर बसलं होतं.

बाकी दोघांपैकी कॉनी ट्रेक्सलर वाचनालय सांभाळते आणि वेड किमेल अग्निशमन दलाचा कप्तान. खोली त्याची म्हणून तो समितीत. मी अर्ल प्रॉब्स्ट. गावच्या पेपरात खेळाच्या बातम्या लिहायचो, आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे जो बातम्या लिहितो तोच मैदानावरचा अधिकृत स्कोअरर. टॅनर्सच्या शेवटच्या तीन हंगामांच्या वह्या माझ्या हातच्या.

बदली पिचर निवडणं हे यादीतलं सगळ्यात कटकटीचं काम. पहिल्यापासून चेंडू टाकणाऱ्याचं नाव पेपरात ठळक यायचं. तो दमला, त्याला मार पडला, तिन्ही बेसवर समोरच्या संघाची तीन माणसं धाव घ्यायला उभी राहिली, की मग या गड्याला बोलावणं जायचं. सामना वाचला तर कौतुक पहिल्याचं; बुडाला तर याच्या नावाने खडे. त्याने किती सामने वाचवले हे त्या काळी कोणी मोजतसुद्धा नव्हतं. कॉनीने सगळा हिवाळा जुन्या वह्या चाळून ते मोजलं होतं.

"एकतीस सालचा रॅचफर्ड, चौपन्नचा बेनितेस. हे दोघं झाले," चष्मा वर सरकवत ती म्हणाली. "तिसऱ्यासाठी आकडे विचाराल तर वादच नाही. डेल्मर योस्ट. तीन हंगामांत अठ्ठेचाळीस सामने वाचवले त्याने. दुसरा कोणी तिशीच्या पुढे नाही."

"आणि एक बुडवला," बर्नी म्हणाला.

"एकच."

"कारखान्याला आगसुद्धा एकदाच लागली होती, बाई."

वेड हसला. "होमर डिलीला घ्या ना. सत्तेचाळीस सालचा. बिचाऱ्याने कोणाचं काही वाईट केलं नाही."

"त्याने कोणाचं काहीच केलं नाही," कॉनी म्हणाली. "वर्षभरात अकरा वेळा मैदानात आला तो. त्यातही दोनदा पाऊस."

बर्नीने टेबलावर तळहात आपटला. "हे बघ, कॉनी, तू तेव्हा पाळण्यात होतीस. मी प्लेटच्या मागे बसलेलो होतो. अडुसष्ट साल, शेवटचा सामना. दोन-दोन अशी बरोबरी, नववा डाव, तिसऱ्या बेसवर त्यांचा माणूस. एवढा एक गडी काढायचा होता, आणि डेल्मरने चेंडू टाकला तो कुठे? मातीत! माझ्या दोन फूट अलीकडे. तो मी काय दातांनी अडवणार होतो? चेंडू मागे गेला, त्यांचा माणूस पळत प्लेटवर आला, धाव झाली, आपण हरलो. हिवाळ्यात कारखान्याने संघ मोडला. जिंकलो असतो तर मोडला असता का? त्याचं नाव फलकावर लावायचं असेल, तर मग माझं काढा."

हे मी किती वेळा ऐकलंय याची गणती नाही. नाताळला, लग्नांत, मयताच्या जेवणात, दर वेळी तोच चेंडू आणि तीच माती. दर वेळी मी बशीत बघत बसायचो. 'मातीखाऊ' हे नाव बर्नीनेच ठेवलेलं. डेल्मरला पुढे कुठल्याच संघाने घेतलं नाही. त्याने मिल स्ट्रीटवर धार लावायचं दुकान टाकलं. गवत कापायच्या यंत्राची पाती द्यायला लोक जायचे आणि म्हणायचे, "मातीत टाकू नकोस रे, डेल्मर." पंचावन्न वर्षं. माणसं मेली, त्यांच्या पोरांनी तेच वाक्य उचललं.

आणि तो चेंडू मातीत पडला नव्हता.

मी वर पत्रकारांच्या खोलीत होतो, प्लेटच्या बरोबर मागे. माझी नजर तेव्हा घारीची होती. चेंडू गुडघ्याइतका उंच आला, सरळ प्लेटवरून, बर्नीच्या हातमोज्याच्या काठाला लागला आणि निसटला. चेंडू कॅचरच्या मागे गेला की दोष कोणाचा, हे ठरवायचं काम स्कोअररचं. पिचरने वेडावाकडा टाकला असेल तर ‘वाइल्ड पिच’, कॅचरच्या हातून सुटला असेल तर ‘पास्ड बॉल’. पंच त्यात पडत नाही, मॅनेजर पडत नाही. एक माणूस आणि एक पेन्सिल. मी ‘पास्ड बॉल’ लिहिलं. मग खाली बघितलं. तिसऱ्या रांगेतून डोलोरेस मान वळवून माझ्याकडे बघत होती. तिच्याशी ओळख होऊन तीन आठवडे झाले होते, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, हॉलिकांकडे माझं पहिलं जेवण होतं. मी खोडरबर घेतलं.

माझ्या सगळ्या पापाची लांबीरुंदी एवढीच आहे. कोणी धमकावलं नाही, कोणी काही देऊ केलं नाही.

"मग मतं घेऊ या," वेड घड्याळाकडे बघत म्हणाला. सव्वाचार वाजले होते, खिडकीवर गारठलेला पाऊस तडतडत होता. "माझ्या घरी सासू आलीय. उशीर झाला तर ती मलाच फलकावर कोरून घेईल. कॉनी, तू योस्ट. बर्नी, तुम्ही डिली. मला बेसबॉलमधलं काही कळत नाही, मी तो सामना वरून बघितलेल्या माणसाच्या मागे जातो. अर्ल, तुम्ही सांगाल ते माझं मत."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

"दोघांनाही घेतलं तर?" मी म्हणालो.

"पंचवीस म्हणजे पंचवीस," बर्नी म्हणाला.

"नाणं उडवू."

"अर्ल!" कॉनी म्हणाली. "मी चार महिने आकडे काढलेत ते नाणं उडवायला?"

"मला जरा मोकळ्या हवेत जाऊन—"

बर्नीने खिशावर थोपटलं. "सही कर आणि जा."

मला खरोखर श्वास पुरेना. डिली म्हणावं, घरी जावं, रविवारी बर्नीकडचं जेवण जेवावं, किती सोपं होतं! जेमतेम किती दिवस राहिलेत माझे? पण बाहेर निघालं की वाटेत मिल स्ट्रीट लागतो. डेल्मरच्या दुकानाचा दिवा लागतो. गेली पंचावन्न वर्षं मी तिथून जाताना दुसऱ्या बाजूला बघत आलोय, आणि माझी मान आता दुखते.

"योस्ट," मी म्हणालो. "आकडे बघता योस्टच."

मला वाटलं सुटलो. खरं न बोलता खरं केलं, असं वाटून क्षणभर मी स्वतःवरच खूष झालो.

"तू?" बर्नी खुर्चीतून अर्धा उठला. "तू म्हणतोस? अरे, तूच तर लिहिलंस! तुझ्या हाताने लिहिलंस वाइल्ड पिच! गावात दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी समजलो असतो. सगळा पुरावाच तुझा, आणि आता तूच फिरतोस?"

"बर्नी, एका चेंडूने..."

"लिहिलंस की नाही?"

"लिहिलं."

"मग?"

ज्या वहीच्या जोरावर हा माणूस माझ्याशी भांडत होता ती वही मीच भरली होती. मी खुर्चीला पाठ टेकवली आणि दाराकडे बघत बसलो.

कॉनीने तेवढ्यात पिशवीतून अडुसष्टची वही काढली. हिरव्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. "हा बघा तो सामना. अर्ल, मला खरं तर हे विचारायचंच होतं तुम्हाला." तिने पान दिव्याखाली धरलं. "नवव्या डावात इथे काहीतरी खोडलंय. बाकी सबंध वहीत कुठे खाडाखोड नाही. इथे आधी काय होतं?"

तिच्या विचारण्यात छक्केपंजे नव्हते. वाचनालयातली बाई ती. डाग दिसला की कसला ते विचारणार.

"डोळे गेलेत त्याचे, त्याला काय दिसतंय?" बर्नी म्हणाला. रागावला होता तरी त्याने वही माझ्यासमोरून बाजूला सरकवली, माझ्या बाजूची पाण्याची बाटली उघडून दिली. "पी, पांढराफटक पडलायस. आणि कॉनी, एक ऐकून ठेव. आमचं भांडण आमच्यापाशी. पण अर्लने जन्मात खोटी ओळ लिहिलेली नाही. माझी बहीण त्याच्यासाठी एवढी का वेडी झाली होती, तर याचसाठी."

त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर मी गप्प बसलो असतो, नक्की बसलो असतो.

"पास्ड बॉल होतं तिथे," मी म्हणालो.

वेडने उगाच एक खुर्ची सरळ केली.

"चेंडू चांगला होता, बर्नी. गुडघ्याएवढा, सरळ. तुझ्या मोज्याच्या काठाला लागून सुटला. मी तसंच लिहिलं होतं. मग डोलोरेसने वर बघितलं आणि मी खोडलं."

"तिने सांगितलं तुला?"

"नाही. तिला कधीच माहीत नव्हतं. ती नुसती बघत होती."

आता ओरडेल, मला वाटलं. पण तो सावकाश खाली बसला आणि आपल्या डाव्या तळहाताकडे पाहायला लागला. त्या हाताची दोन बोटं कधीची वाकडी झालेली आहेत.

"मला लागल्यासारखं वाटलं होतं," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की मला पुढे झुकावं लागलं. "काठाला. रात्रभर झोप नाही मला. ठरवलं होतं, सकाळी डेल्मरकडे जायचं आणि सांगायचं, बाबा रे, माझं चुकलं. सकाळी आई पेपर घेऊन आली. त्यात तुझी बातमी. मातीत पडलेला चेंडू. मी म्हटलं, अर्ल वरून बघत होता, त्याला माझ्यापेक्षा नीट दिसलं असणार. मलाच भास झाला असेल." त्याने मान वर केली. "मी तुझ्यावर विश्वास ठेवला, गाढवा. तेच मनात घोटत राहिलो. शेवटी शेवटी मला माती दिसायला लागली. शप्पथ सांगतो, उडालेली माती दिसते मला."

माझ्या खोडरबराने एक माणूस कोंडला गेला असं मी इतकी वर्षं समजत होतो. दोन होते.

"बदलता येईल का ते?" कॉनीने हळूच विचारलं. "वहीत?"

"चोवीस तास," मी म्हणालो. "स्कोअररला आपला निर्णय बदलायला चोवीस तास असतात. नंतर तो पक्का."

आणि त्या चोवीस तासांचंही मला सांगावं लागलं. आता लपवून काय उपयोग होता? दुसऱ्या दिवशी हॉलिकांकडून कोबीच्या पानातले खिम्याचे रोल पोटभर खाऊन मी कचेरीत आलो, तर दारात डेल्मर उभा. अंगात चर्चचा कोट. मला म्हणाला, "सामना काल पाच वीसला संपला, अर्ल. आता चार वाजलेत. अजून वेळ आहे." तक्रार नाही, आवाज चढवणं नाही. मी त्याच्याकडे न बघता म्हणालो, "जे दिसलं ते लिहिलंय." त्याने टोपी घातली आणि तो गेला. मी टाइपरायटरसमोर बसून पाच वीस व्हायची वाट पाहिली. झाले तेव्हा मला हायसं वाटलं, हेही खरं.

बर्नीने यादी ओढून घेतली. तिसऱ्या बदली पिचरच्या जागी डेल्मर योस्ट लिहिलं, दाबून, कागद फाटेलसं. खाली सही केली. कॅचरांमधल्या स्वतःच्या नावावर पेन टेकवलं तेव्हा कॉनीने त्याचा हात धरला.

"ते राहू दे, बर्नी. इतर चारशे सामन्यांचं आहे ते."

त्याने पेन टाकलं. आम्ही सह्या केल्या. वेडने कागदाचा फोटो काढून कोरणाऱ्याला पाठवला. बर्नीने किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि कोट न घालताच बसून राहिला; दार वेडने उघडलं. गार हवा आत आली. इतका वेळ मला जी हवी होती ती हवा. मला उठावंसं वाटेना. मी घरी कोणाच्या गाडीतून जायचं होतं?

अखेर बर्नीनेच माझा कोट माझ्या मांडीवर फेकला. "चल."

त्याच्या ट्रकमधून आम्ही निघालो. घराकडे वळायच्या ठिकाणी तो वळला नाही. मिल स्ट्रीटवर धार लावायच्या दुकानासमोर त्याने गाडी लावली आणि इंजिन बंद केलं.

"मी इथेच बसतो," समोरच्या काचेकडे बघत तो म्हणाला. "हे तुझं तू कर."

सहा पायऱ्या होत्या. कठड्याला धरून मी चढलो. दार वाजवायच्या आधीच उघडलं. डेल्मर ब्याऐंशीचा आहे. वाळला आहे, पण खांदे अजून पिचरचेच. हातात एक पातं होतं.

"अर्ल," तो म्हणाला. "तुझ्याकडे तर गवतही नाही कापायला."

पंचावन्न वर्षांत मनात शंभर भाषणं केली होती. एकही आठवेना.

"चेंडू चांगला होता, डेल्मर."

त्याने पातं दाराआड ठेवलं. चिंधीने हात पुसले, एकेक बोट, सावकाश.

"चोवीस तास बरेच लांबले रे तुझे," तो म्हणाला.

"समितीने तुला यादीत—"

"ते राहू दे." त्याची नजर माझ्या खांद्यावरून खाली रस्त्यावर गेली होती. "गाडीत कोण, बर्नी? त्याला माहीत होतं?"

"नाही. आज कळलं. माझ्या बातमीवर विश्वास ठेवून राहिला तो."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"अरेरे," डेल्मर म्हणाला. ते माझ्यासाठी नव्हतं. मी हात पुढे केला होता, तो त्याला दिसला की नाही कोण जाणे. माझ्या शेजारून तो पायऱ्या उतरला, डोक्यावर काही न घेता, त्या गारठ्यात. ट्रकपाशी जाऊन त्याने काचेवर बोटाने टकटक केलं.

काच खाली यायला वेळ लागला. ते काय बोलत होते मला ऐकू येत नव्हतं, आणि माझ्या डोळ्यांना लांबचं फक्त आकारापुरतं दिसतं. पण तेवढं दिसलं. डेल्मरने तळहात आडवा करून गुडघ्याशी धरला, इथे, एवढा. बर्नीने खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि एकावर एक धरून हातमोजा केला. डेल्मरने पुन्हा दाखवलं. बर्नीने हात जरा खाली घेतले.

मी दारात उभा होतो. मला कोणी खाली बोलावलं नाही.